माळावरच्या पाहुण्या घुबडांना कडी घालताना: गावातील स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

सोयाबीन निघून कपाशीची पहिली वेचणी सुरू झालेली असते आणि हरभऱ्यासाठी रान तयार होत असते, त्याच सुमारास विदर्भातील माळांवर, ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या, जमिनींवर आणि पडितांमध्ये एक पाहुणे घुबड उतरते. आखूड कानांचे घुबड हे त्याचे नाव. उत्तर आशियातील थंड प्रदेशांत ते वीण करते, हिवाळा काढण्यासाठी आपल्याकडे येते आणि मार्चच्या आसपास परतते. गावातला पिंगळा किंवा पडक्या वाड्यातले गव्हाणी घुबड जसे बारमाही आपल्या नजरेसमोर असते तसे हे नसल्यामुळे, यंदा माळावर दिसलेला पक्षी गेल्या वर्षीचाच आहे की दुसरा, हे नुसते पाहून कोणालाही सांगता येत नाही. ते सांगता यावे म्हणून त्याच्या पायात क्रमांक कोरलेले हलके ॲल्युमिनियमचे कडे घालतात. लेखी भाषेत या कामाला वलयांकन म्हणतात. अभ्यासक आपसात बोलताना सरळ रिंगिंग म्हणतात.

वाशीम जिल्ह्यातील आमच्या गावाच्या शिवारात परवानाधारक अभ्यासकांच्या पथकाबरोबर मी काही हिवाळे काम केले आहे. त्या अनुभवावरून ठामपणे सांगतो, की अशा पथकात पक्षी प्रत्यक्ष हाती घेणारे एक किंवा दोनच जण असतात, आणि रात्र कारणी लागते की वाया जाते हे बहुतेक वेळा उरलेल्यांवर ठरते. जागा दाखवणारा, घड्याळ सांभाळणारा, वही लिहिणारा आणि ठिकाणाबद्दल तोंड बंद ठेवणारा माणूस नसेल, तर घातलेले कडे म्हणजे पक्ष्याच्या पायातला एक पत्र्याचा तुकडा, एवढेच त्याचे मोल राहते. हे मार्गदर्शन अशा उरलेल्या माणसांसाठी आहे.

कडे घालून पक्ष्यांचा अभ्यास करण्याची पद्धतशीर सुरुवात १८९९ साली डेन्मार्कमध्ये झाली. हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन या शिक्षकाने पत्ता आणि क्रमांक असलेली ॲल्युमिनियमची कडी साळुंकीच्या कुळातील पक्ष्यांना घातली होती. आपल्या देशात सालिम अली यांच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून स्थलांतरित पक्ष्यांचे वलयांकन मोठ्या प्रमाणावर हाती घेतले, आणि आजही भारतात सापडणाऱ्या कड्यांवर बहुतेक वेळा क्रमांकासोबत याच संस्थेला कळवण्याची सूचना इंग्रजीत कोरलेली असते. घुबडांपुरते बोलायचे तर सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण उत्तर अमेरिकेतील आहे. नॉर्दर्न सॉ-व्हेट हे तेथील मुठीएवढे, जेमतेम शंभर ग्रॅमचे घुबड रात्रीच्या अंधारात गुपचूप स्थलांतर करते, आणि ते किती संख्येने प्रवास करते याची कल्पना पूर्वी फार कमी लोकांना होती. १९९४ मध्ये तेथे प्रोजेक्ट आउलनेट या नावाने सहकार्याचे जाळे सुरू झाले, आणि आज शंभराहून अधिक केंद्रे शरद ऋतूत सारख्याच पद्धतीने जाळी लावतात, सारख्याच पद्धतीने नोंदी ठेवतात. त्यांतील कितीतरी केंद्रे दिवसा आपापली नोकरी करून रात्री येणाऱ्या स्वयंसेवकांवर चालतात. एकाने दहा रात्री मन लावून केलेल्या कामापेक्षा अनेकांनी अनेक ठिकाणी एकाच रीतीने केलेले काम जास्त बोलते, हे त्यांनी दाखवून दिले, आणि पुढचे बहुतेक नियम याच एका गोष्टीतून निघतात.

परवान्याशिवाय काहीही नाही

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे वन्य पक्षी पकडणे, सापळ्यात अडकवणे किंवा तसा नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच ठरते. हेतू कितीही चांगला असला तरी त्यात फरक पडत नाही. वैज्ञानिक संशोधनासाठी पक्षी पकडायचा असेल तर कलम १२ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो, आणि अनुसूची एकमधील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण दिलेल्या, प्राण्यांसाठी केंद्र शासनाची पूर्वपरवानगीही लागते. महाराष्ट्राच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचे कार्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे विदर्भातील माणसाला ‘कुठे विचारावे कळले नाही’ असे म्हणण्यास जागा नाही. आपल्या गावात कोणी पथक आले आणि घुबडे पकडायची आहेत म्हणाले, तर सर्वप्रथम परवान्याची प्रत मागावी आणि त्यावरील नाव, जिल्हा, मुदत व पक्ष्यांच्या जाती नीट वाचाव्यात. खरा अभ्यासक याने दुखावत नाही. तो प्रत खिशात घेऊनच फिरतो. शंका वाटल्यास वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

स्वयंसेवकाने स्वतःहून जाळे विकत आणू नये, ते कोणाच्या शेतात लावू नये, आणि मोबाईलवर घुबडाचा आवाज वाजवून पक्षी बोलावण्याचा उद्योग तर अजिबात करू नये. सॉ-व्हेटसाठी अमेरिकेत नराचा आवाज वाजवतात हे खरे आहे, पण तो तेथील ठरलेल्या पद्धतीचा भाग आहे आणि प्रशिक्षित माणूस ठरलेल्या वेळीच तो वाजवतो. आपल्याकडे हिवाळ्यात येणारी आखूड कानांची घुबडे मुळात फारशी ओरडतही नाहीत. त्यामुळे आवाज वाजवून बहुतेक वेळा स्थानिक पिंगळ्यांनाच विनाकारण त्रास होतो.

पक्षी कोठे बसतो हे कोणाला माहीत असते

आखूड कानांचे घुबड झाडाच्या ढोलीत राहत नाही. दिवसभर ते जमिनीवर गवतात बसून असते, कधी एकटे, कधी पाच-सातच्या गटाने, आणि संध्याकाळी ऊन कलले की उंदरांच्या शोधात माळावर खालून उडू लागते. पवन्या, मारवेल आणि कुसळीचे गुडघाभर गवत जेथे चराईतून आणि कापणीतून वाचलेले असते तेथे ते हमखास पाहावे. ही वाचलेली जागा कोठे आहे हे नकाशावर दिसत नाही. ते गुराख्याला माहीत असते, कारण त्याची जनावरे रोज त्या गवतातून जातात. तुरीच्या शेजारच्या धुऱ्यावर गवत कापणाऱ्या बायांना माहीत असते, कारण त्यांच्या विळ्यापुढूनच ते पक्षी अचानक भर्रकन उठतात. शेतीपंपाला रात्रीची वीज असते त्या आठवड्यांत हरभऱ्याला पाणी देण्यासाठी जागणाऱ्या शेतकऱ्यालाही माहीत असते, कारण त्याच्या बॅटरीच्या उजेडात ते धुऱ्यावरच्या दगडावर बसलेले दिसते. पथक येण्याआधी महिनाभर या तीन प्रकारच्या माणसांकडे जाऊन बसावे, घाई न करता विचारावे, आणि त्यांनी सांगितलेले त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावे. ‘घुबड दिसले का?’ असा प्रश्न विचारला तर अपशकुनाच्या भीतीने पुष्कळजण नाही म्हणतात, असा माझा अनुभव आहे. ‘गवतातून अंगावर उठणारे मोठे, पिवळट पाखरू पाहिले का?’ असे विचारले की लोक मोकळेपणाने बोलतात.

अकोला, वाशीम, अमरावती या पट्ट्यात फासेपारधी समाजाची वस्ती आहे, आणि माळावरील पक्ष्यांची त्यांना असलेली जाण इतर कोणाजवळही नाही. तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या संवर्धनात याच पट्ट्यातील पारधी बांधवांच्या ज्ञानाचा उपयोग झालेला आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वलयांकनाच्या कामातही बिहारमधील मीरशिकार या पारंपरिक पक्षी पकडणाऱ्या समाजाचे अली हुसेन यांनी अनेक वर्षे साथ दिली. पक्ष्याला इजा न करता पकडण्याचे त्यांचे कसब अभ्यासकांमध्ये वाखाणले जाते. आपल्या पथकात पारधी माणूस असेल तर त्याला केवळ वाटाड्या समजू नये, त्याच्या नावाने नोंद करावी आणि पथकात मानधन दिले जात असेल तर त्यालाही तेवढेच मिळावे, असा आग्रह गावाने धरावा. मला स्वतःला हा मुद्दा इतर कोणत्याही मुद्द्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

ओळख पक्की करावी. आखूड कानांच्या घुबडाचे डोळे पिवळे असतात आणि डोळ्यांभोवती काजळ फासल्यासारखा काळसर रंग असतो. छातीवर उभ्या रेघा, लांब पंख, पंखांच्या खालच्या बाजूस मनगटाजवळ गडद डाग, आणि उडण्याची पद्धत सावकाश, पतंगासारखी हेलकावत जाणारी. पंख पसरले की सुमारे मीटरभर भरतात. गव्हाणी घुबडाचा चेहरा पांढरा बदामासारखा असतो आणि डोळे काळे असतात. शृंगी घुबड नाल्याच्या दरडीत दिवसा बसलेले आढळते, पण ते आकाराने बरेच मोठे, शिंगांसारखे ठळक कान असलेले आणि नारिंगी डोळ्यांचे असते. कान दिसत नाहीत म्हणून ‘आखूड कानांचे’ अशी घाईची नोंद करू नये. उडताना पंखांखालचा डाग पाहिला असेल तरच लिहावी, नाहीतर ‘घुबड, जात निश्चित नाही’ असे लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही.

ठिकाण गावभर करू नये

ही घुबडे येतात तो काळ आणि लक्ष्मीपूजनाची अमावस्या एकमेकांना लागून असतात. या दिवसांत जादूटोण्यासाठी घुबडे पकडून विकली जातात, हे वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेच्या २०१० मधील अहवालात सविस्तर मांडलेले आहे. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू आहे, पण घुबडाला कायदा माहीत नसतो आणि पकडणाऱ्याला त्याची पर्वा नसते. म्हणून बसण्याची जागा, शेतमालकाचे नाव, शिवाराचे नाव किंवा गट क्रमांक यांपैकी काहीही व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये. मोबाईलने काढलेल्या छायाचित्रात जागेची माहिती दडलेली असते, ती बंद करूनच फोटो काढावा, आणि मागे ओळखीचे झाड किंवा मंदिराचा कळस दिसत असेल तर तो फोटो पुढे पाठवूच नये. गावातील मुलांना आनंदाने सांगावेसे वाटते हे मी समजू शकतो. त्यांना पक्ष्याबद्दल सर्व काही सांगावे, जागेबद्दल काहीही सांगू नये.

अंधश्रद्धेबद्दल बोलताना मात्र समोरच्याला मूर्ख ठरवू नये. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून झिजवत बसते आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो, ही गोष्ट आपल्याकडील बहुतेक घरांत आजीने सांगितलेली आहे. तिच्यामुळे कितीतरी घुबडांवर दगड उगारलाच गेला नाही, हेही खरे आहे. पहाटे दारावर येणारा पिंगळा जोशी पक्ष्याची भाषा समजते असे सांगतो, तेव्हा लोक त्याला दाणे घालतात. या श्रद्धांशी भांडत बसण्यापेक्षा, एका घुबडाने रात्रीतून किती उंदीर खाल्ले तर हरभऱ्याच्या घाट्यांचे किती नुकसान टळते, हा हिशेब शेतकऱ्याला पटकन पटतो.

रात्रीच्या आधीची तयारी

रात्री अनोळखी माणसे बॅटऱ्या घेऊन शिवारात फिरू लागली की गावात चोर आल्याची आवई उठते, आणि अशा आवईतून मारहाणीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. त्यामुळे पोलीस पाटील आणि सरपंच यांना तारीख, वेळ आणि माणसांची संख्या आधी सांगावी, पण नेमकी जागा फक्त पोलीस पाटलांनाच सांगावी. शेतमालकाची परवानगी तोंडी असली तरी चालते, मात्र ती दिवसा, त्याच्या घरी जाऊन, शक्यतो घरच्या बाईसमोर घ्यावी, म्हणजे रात्री दार वाजले तरी घरात कोणी घाबरत नाही.

यानंतरची गोष्ट मी सर्वांत जास्त जीव तोडून सांगतो. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी काही शेतांच्या कडेने तारेत थेट वीज सोडली जाते. हे बेकायदेशीर आहे, तरीही घडते, आणि त्यात वन्यप्राण्यांबरोबर माणसेही मेलेली आहेत. ज्या शेतात जायचे त्याच्याच नव्हे, तर वाटेतल्या प्रत्येक शेताच्या मालकाला त्या रात्रीपुरती तार बंद ठेवण्यास सांगावे, ती बंद आहे हे त्याच्यासोबत जाऊन पाहावे, आणि जेथे उत्तर टाळले जाते तेथून जाऊच नये, मग पांदण रस्त्याने दोन किलोमीटरचा वळसा पडला तरी चालेल. दुसरा धोका बिनकठड्याच्या विहिरींचा. दिवसा फिरून अशा विहिरी पाहून ठेवाव्यात आणि जाण्यायेण्याच्या वाटेवर चुन्याच्या खुणा कराव्यात. घोणस आणि मण्यार हे दोन्ही साप रात्री निघतात, म्हणून घोट्यावर चढणारे बूट हवेतच. चपला घालून आलेल्या स्वयंसेवकाला पथकाने परत पाठवले तर त्याने रागावू नये.

जाळ्याजवळ

पक्षी पकडण्यासाठी वापरतात ते धुक्याचे जाळे, म्हणजे मिस्ट नेट, काळ्या बारीक धाग्याचे असते आणि दोन काठ्यांच्या मध्ये ताणलेले असते. त्याचे ढिले पदर खिशासारखे लोंबतात आणि आदळलेला पक्षी त्या खिशात अलगद पडतो. जाळी उघडण्याचा आणि बंद करण्याचा निर्णय केवळ परवानाधारकाचा असतो. वारा सुटला, पाऊस पडला किंवा दव इतके पडले की गवत भिजून जाते, तर जाळी बंद केली जातात, कारण भिजलेल्या पिसांचा पक्षी विदर्भाच्या डिसेंबरातील रात्री गारठून जातो.

स्वयंसेवकाचे काम येथे घड्याळाचे आहे. ठरल्याप्रमाणे दर वीस किंवा तीस मिनिटांनी जाळी पाहिलीच पाहिजेत, गप्पा रंगात आल्या म्हणून चाळीस मिनिटांनी नव्हे. घड्याळ सांभाळणाऱ्याने त्या रात्री दुसरे कोणतेही काम करू नये. जाळ्यात पक्षी दिसला तर त्याने परवानाधारकाला हळू आवाजात सांगावे आणि जागचे हलू नये. पक्ष्याला सोडवण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे, पण तो कोणत्या बाजूने शिरला हे पाहिल्याशिवाय ओढाओढ केली तर धागा पंखाच्या मुळाशी आवळतो. घुबडाची चोच कटकट वाजते म्हणून माणूस चोचीला भितो. खरी भीती नख्यांची असते, त्या एकदा रुतल्या की पक्षी त्या सैल करत नाही.

सोडवलेला पक्षी स्वच्छ सुती पिशवीत ठेवतात. पिशवी जमिनीवर कधीही ठेवू नये, काठीला टांगावी, आणि एका पिशवीत एकच पक्षी. पिशवीचे वजन आधीच करून तिच्यावर लिहून ठेवावे, म्हणजे पक्ष्यासह केलेल्या वजनातून ते वजा करता येते. उजेड लाल रंगाचा वापरावा आणि तोही गरजेपुरताच.

आखूड कानांच्या घुबडाचे पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात. त्यामुळे पाय दिसतो त्यापेक्षा जाड भासतो आणि कड्याचे माप नजरेने ठरवता येत नाही. परवानाधारक ते मापकाने पाहतो. कडे खास पक्कडीने मिटवल्यावर त्याची दोन टोके नीट जुळली पाहिजेत आणि ते पायाभोवती व खालीवर मोकळेपणाने फिरले पाहिजे. मग पंखाची लांबी, वजन आणि पिसांची अवस्था. घुबडाचे वय ठरवताना नवी पिसे कोणती आणि जुनी कोणती हे पाहावे लागते. सॉ-व्हेटवर काम करणारे त्यासाठी अतिनील प्रकाशाचा दिवा वापरतात, कारण नव्या पिसांमधील पॉर्फिरिन हे रंगद्रव्य त्या प्रकाशात गुलाबी चमकते आणि उन्हाने जुन्या पिसांतून ते नाहीसे होत जाते. हे सर्व चालू असताना दिवा धरणाऱ्याने हात स्थिर ठेवावा आणि तोंडाने काही बोलू नये. छायाचित्र हवे असेल तर परवानाधारक सांगेल तेव्हा एकच घ्यावे, फ्लॅश न वापरता.

वही लिहिणाऱ्याने

या कामाला कोणी हौसेने पुढे येत नाही, पण माझ्या मते पथकातील सर्वांत विश्वासू माणूस येथे बसवावा.

मी पहिल्यांदा वही लिहायला बसलो तेव्हा सवयीने देवनागरी आकडे लिहिले. थंडी कडक होती, बोटे वळत नव्हती, परवानाधारकाने क्रमांकाचा शेवटचा आकडा ‘चार’ असा सांगितला आणि मी ‘४’ लिहिला. दुसऱ्या दिवशी वहीवरून संगणकात नोंदी भरणाऱ्याने तो इंग्रजी आठ समजला. सुदैवाने शिल्लक कडी क्रमाने तारेत ओवलेली होती. संध्याकाळी ती मोजताना आठाने संपणारे कडे अजून तारेतच आहे हे लक्षात आले आणि चूक सापडली. ती सापडली नसती, तर ते घुबड पुढे हजारो किलोमीटरवर कोणाला मिळाले तरी आमच्या वहीत त्या क्रमांकाची नोंदच नसती. देवनागरी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, ही दुसरी तशीच जागा. म्हणून कड्यावर जे आकडे कोरलेले असतात तेच वहीत लिहावेत, म्हणजे इंग्रजी आकडे, सुटे सुटे, एकमेकांना न चिकटवता. सांगणाऱ्याने क्रमांक एक-एक आकडा करून सांगावा, लिहिणाऱ्याने तो वहीतून मोठ्याने परत वाचावा, आणि पक्षी सोडण्याआधी कडे पुन्हा एकदा वाचून वहीशी जुळवावे. याला तीस सेकंदही लागत नाहीत.

मध्यरात्रीनंतरच्या नोंदीत तारखेचा गोंधळ होतो. संध्याकाळी काम सुरू झाले त्या दिवसाची तारीख पानाच्या वर लिहावी, वेळ मात्र चोवीस तासांच्या पद्धतीने लिहावी, आणि रात्री बारानंतरच्या नोंदींसमोर नवी तारीखही लिहावी. पेन्सिल वापरावी, दवाने शाई पसरते. खोडरबर वापरू नये. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहावे, म्हणजे आधी काय लिहिले होते ते दिसते.

एक गोष्ट नवीन स्वयंसेवकांना पटवून द्यायला वेळ लागतो. एकही पक्षी न मिळालेल्या रात्रीचीही तितकीच पूर्ण नोंद करावी लागते. किती जाळी किती तास उघडी होती, वारा कसा होता, चंद्र होता का, दव किती पडले, हे लिहिले नाही तर पाच पक्षी मिळालेल्या रात्रीला काहीच अर्थ उरत नाही, कारण दोन जाळ्यांत मिळालेले पाच आणि दहा जाळ्यांत मिळालेले पाच हे सारखे नव्हेत. रिकाम्या रात्री वही कोरी ठेवून घरी गेलेला माणूस हंगामाच्या शेवटी पक्षी होते त्यापेक्षा जास्त दाखवतो, त्याच्या मनात तसे नसले तरी.

सोडताना

उजेडात काम झाल्यावर घुबडाच्या डोळ्यांना अंधाराची सवय परत होण्यास थोडा वेळ लागतो. दिवे पूर्ण बंद करून, काही मिनिटे थांबून, पकडले त्या जागेजवळच, गवताच्या कडेला ते जमिनीवर ठेवतात. हवेत उडवून देऊ नये. ते कधी लगेच उडते, कधी पाच मिनिटे आपल्याकडे पाहत बसते. तोपर्यंत सर्वांनी जागच्या जागी उभे राहावे, गावातील कुत्री जवळ येणार नाहीत याकडे एकाने लक्ष द्यावे, आणि पक्षी उठल्याची वेळ वहीत लिहावी. पंख पडलेला किंवा मान टाकलेला पक्षी सोडायचा की वन विभागाच्या उपचार केंद्रात न्यायचा, हे परवानाधारकाने ठरवावे. गावकऱ्यांनी त्याला घरी नेऊन दूध पाजू नये.

हंगामाचे उरलेले दिवस

पथक चार रात्री थांबून निघून जाते. पक्षी मार्चपर्यंत राहतात. या काळात पंधरा दिवसांतून एकदा, संध्याकाळी, त्याच ठिकाणी दुरून बसून किती घुबडे उठली ते मोजावे. फेब्रुवारीत धुरे आणि पडिते पेटवण्याची घाई सुरू होते. ज्या गवतात घुबडे बसतात त्या गवताला परतीच्या दिवसांपर्यंत काडी लावू नये, अशी विनंती शेतमालकाला स्वतः जाऊन करावी. आमच्याकडे दोन शेतकऱ्यांनी आनंदाने एकेक पट्टा राखला, एकाने नाही राखला, आणि त्यावरून गावात वाद घालू नये असे आम्ही ठरवले. हरभऱ्यात उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमाडायोलोन वापरले जाते. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही दगावू शकते, हे सांगून, निदान बसण्याच्या जागेभोवतीच्या शेतांत सापळे वापरण्यास शेतकऱ्याला राजी करावे.

मेलेले घुबड आढळले तर उघड्या हाताने उचलू नये, कारण पक्ष्यांमधील तापाचा, म्हणजे बर्ड फ्लूचा, धोका नाकारता येत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून त्याचे पाय तपासावेत. कडे असेल तर त्याचे चारही बाजूंनी फोटो घ्यावेत, कारण क्रमांक आणि पत्ता गोल फिरत कोरलेला असतो आणि एका फोटोत पूर्ण येत नाही. तारीख, जागा, पक्षी ताजा आहे की सुकलेला, आणि मृत्यूचे दिसणारे कारण, उदाहरणार्थ रस्त्यावरील गाडी, तार किंवा कुत्रा, हे सर्व लिहून वन विभागाला आणि कड्यावर नाव असेल त्या संस्थेला कळवावे. क्रमांक अर्धवट झिजलेला असेल तरी कळवावे, जेवढे आकडे वाचता येतात तेवढे, आणि न वाचलेल्या आकड्याच्या जागी फुली लिहून. जिवंत घुबडाच्या पायात कडे दिसले तर ते काढण्यासाठी त्याला पकडू नये. दुर्बिणीतून किंवा मोबाईलच्या झूमने जे वाचता येईल ते वाचावे, कोणत्या पायात आहे ते लिहावे, आणि त्याला तेथेच गवतात बसू द्यावे.